आंबटपणाचा हिशेब मांडणारे सोरेन्सन

(द्वितीय वर्ष, कला)

विज्ञानाच्या इतिहासात काही माणसे अशी होऊन गेली, की त्यांनी काढलेली गोष्ट जगभर रोज वापरली जाते, पण त्यांचे नाव विचारले तर भले भले गप्प बसतात. न्यूटन, आइन्स्टाइन, मादाम क्यूरी यांच्यावर कॉलेजच्या वार्षिकांतून लेख येतात आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या 'पीएच' नावाच्या आकड्यावाचून आज दवाखाना चालत नाही, साखर कारखाना चालत नाही आणि शेतातल्या मातीची परीक्षाही होत नाही, तो आकडा ज्यांनी दिला त्या सोरेन्सन यांचे चरित्र मराठीत मला फारसे कुठे भेटले नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याने एका रसायनशास्त्रज्ञावर लिहावे हे काही मित्रांना नवल वाटेल. अकरावी-बारावीची दोन वर्षे मी विज्ञान शाखेत काढली, ब्युरेट हातात धरली, एवढाच काय तो माझा अधिकार. आणि दुसरे एक कारण आहे, ते ओघात येईल.

सोरेन पेटर लाउरिट्स सोरेन्सन यांचा जन्म ९ जानेवारी १८६८ रोजी डेन्मार्कमधील हाव्रेब्येर्ग या खेड्यात झाला. हे खेडे झीलंड बेटावर, स्लागेल्से या गावाजवळ आहे. वडील शेतकरी होते. डेन्मार्क हा लहानसा, सपाट, शेतीवर जगणारा देश. सहकारी दूध संघ आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. त्या देशातली पहिली सहकारी डेअरी १८८२ साली निघाली, तेव्हा सोरेन्सन चौदा वर्षांचे होते. शेतकऱ्याने एकत्र यावे, शिकावे, आपला माल मोजूनमापून चांगल्या प्रतीचा काढावा अशी हवा त्या काळी तेथे वाहत होती. सोरेन्सन यांचे शालेय शिक्षण सोरो येथे झाले आणि अठराव्या वर्षी ते कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाले.

गेले होते डॉक्टर व्हायला. परंतु तेथे एस. एम. योर्गेन्सन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. धातूंच्या गुंतागुंतीच्या संयुगांवर त्यांचे नाव युरोपभर झालेले होते. त्यांच्या प्रभावाने या तरुणाने वैद्यक सोडले आणि रसायनशास्त्र धरले. एका प्राध्यापकामुळे विद्यार्थ्याच्या आयुष्याचा रस्ता बदलतो याची उदाहरणे आपण ऐकतो, त्यातले हे एक. विद्यार्थिदशेतच रासायनिक मूलकांवरील निबंधासाठी त्यांना विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले. १८९६ साली स्ट्रॉन्शियमच्या संयुगांवरील अभ्यासासाठी दुसरे मिळाले. मधल्या काळात पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत साहाय्यक, देशाच्या भूगर्भीय पाहणीत मदतनीस, नौदलाच्या गोदीत सल्लागार अशी कामे त्यांनी केली. १८९९ साली कोबाल्टच्या संयुगांवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. येथवरचे चरित्र एका हुशार, कष्टाळू माणसाचे आहे. जगाने आठवण ठेवावी असे त्यात अजून काही नाही.

१९०१ साली मात्र त्यांना जी जागा मिळाली तिने सगळे बदलले. कोपनहेगनला तेव्हा कार्ल्सबर्ग नावाचा बीअरचा मोठा कारखाना होता. बीअरचे नाव काढताच काही भुवया वर जातील, पण त्याला इलाज नाही. कारखान्याचे मालक जे. सी. याकोबसेन यांना विज्ञानाची विलक्षण ओढ होती. त्यांनी १८७५ साली कारखान्यालगत एक प्रयोगशाळा काढली आणि तिच्या नियमांत असे घालून दिले, की येथे जे संशोधन होईल त्यातले काहीही लपवून ठेवायचे नाही, सर्व प्रसिद्ध करायचे. हा नियम नुसता कागदावर राहिला नाही. १८८३ साली एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी तेथे एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची रीत शोधली. तिच्यावर याकोबसेन यांना कोट्यधीश होता आले असते. त्यांनी ते यीस्ट इतर कारखानदारांनाही देऊन टाकले. आपल्याकडे एखाद्या शेतकऱ्याला बियाणे चांगले लागले तर तो शेजाऱ्याला पायली-दोन पायली देतो, त्याच जातीचे हे औदार्य म्हणायचे, फक्त फार मोठ्या मापाचे.

या प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचे प्रमुख योहान केल्डाल होते. धान्यातील व इतर पदार्थांतील नायट्रोजन मोजण्याची त्यांची पद्धत आजही शिकवली जाते. १९०० साली समुद्रात पोहत असताना त्यांचा अकस्मात मृत्यू झाला आणि रिकाम्या जागेवर तेहतीस वर्षांचे सोरेन्सन आले. कोबाल्ट आणि स्ट्रॉन्शियम यांच्यात रमलेला माणूस आता सातू, यीस्ट, प्रथिने आणि विकरे यांच्यात येऊन पडला. विकरे म्हणजे एंझाइमे. पिठाची साखर होणे, साखर आंबणे, पोटात अन्न पचणे ही सर्व कामे तीच घडवून आणतात. १९०७ साली सोरेन्सन यांनी फॉर्मॅल्डिहाइड वापरून ॲमिनो आम्ले मोजण्याची एक पद्धत बसवली. ही त्यांची पहिली मोठी कामगिरी. परंतु विकरांबाबत एक अडचण सर्वांनाच छळत होती.

विकरांना आम्ल किती लागते याचे प्रत्येक प्रयोगशाळेचे उत्तर निराळे येई. कोणी म्हणे इतके थेंब आम्ल घातले की काम जोरात चालते. दुसरा तितकेच थेंब घाली आणि काम बंद पडे. वास्तविक दोघेही प्रामाणिक होते. दोष मोजण्याच्या रीतीत होता.

आपल्या विज्ञान शाखेचे मित्र प्रयोगशाळेत अनुमापन करतात, ते येथे आठवावे. चंचुपात्रात दहा मिलिलिटर आम्ल घ्यायचे, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडायचा. फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला की तोटी बंद. आता समजा एका पात्रात हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले आणि दुसऱ्यात ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले. दोन्ही सारख्याच ०.१ नॉर्मल तीव्रतेची. दोन्हींना सोडा तितकाच लागेल, दहा मिलिलिटरला दहा मिलिलिटर. ब्युरेट सांगेल की दोन्ही आम्ले बरोबरीची. जीभ मात्र तसे सांगणार नाही, आणि विकरही सांगणार नाही. कारण हायड्रोक्लोरिक आम्लातले जवळजवळ सगळे हायड्रोजन आयन मोकळे सुटलेले असतात, तर ॲसेटिक आम्लातले शंभरातले जेमतेम सव्वा. दोहोंत पंचाहत्तर पटींच्या आसपास फरक पडतो. शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचे तर ब्युरेट गावातल्या साऱ्या कणगी-पेवांतले धान्य मोजते, आणि भाव ठरतो तो त्या दिवशी बाजारात आलेल्या धान्यावर. विकराला बाजारातल्या धान्याशी मतलब असतो.

आम्ले पाण्यात आयनांत फुटतात हा सिद्धान्त स्वीडनचे आऱ्हेनियस यांनी १८८० नंतरच्या वर्षांत मांडलेला होता, म्हणजे मोकळे हायड्रोजन आयन ही कल्पना सोरेन्सन यांची नव्हे. त्यांचे मोठेपण असे, की विकरांच्या कामात निर्णायक गोष्ट हीच आहे हे त्यांनी ओळखले आणि ती नेमकी मोजण्याची शिस्त घालून दिली. प्रथिने आणि फॉस्फेटे असलेल्या द्रावणात आम्ल ओतले तर त्यातले बरेचसे ती गिळून टाकतात. दोन प्रयोगशाळांत द्रावण थोडे वेगळे असले की थेंब तेवढेच, पण मोकळे आयन निराळे. झगडा सारा एवढ्यावरून होता.

मोजायचे कसे? त्यांनी दोन वाटा धरल्या. पहिली विजेची. प्लॅटिनमच्या पत्र्यावर बारीक काळ्या प्लॅटिनमचा थर द्यायचा, तो द्रावणात बुडवून त्यावरून शुद्ध हायड्रोजन वायूचे बुडबुडे सोडायचे आणि किती विद्युतदाब निर्माण होतो ते पाहायचे. काम अतिशय वेळखाऊ, सावकाश करण्याचे. दुसरी वाट रंगांची. निरनिराळे दर्शक निरनिराळ्या टप्प्यांवर रंग बदलतात. सोरेन्सन यांनी फॉस्फेट, सायट्रेट, बोरेट, ग्लायसिन यांची ठरावीक प्रमाणांतली मिश्रणे बनवली. थोडे आम्ल किंवा अल्कली पडले तरी यांची आम्लता फारशी हलत नाही. यांनाच आपण बफर द्रावणे म्हणतो. प्रत्येक मिश्रणाची आम्लता त्यांनी विजेच्या रीतीने मोजून तक्त्यात मांडली. मग ज्याच्याजवळ प्लॅटिनम नाही त्यानेही अशी मिश्रणे करावीत, त्यांत दर्शक टाकावा आणि आपल्या द्रावणाचा रंग शेजारी धरून जुळवावा. गरीब प्रयोगशाळांवर हे मोठे उपकार झाले. त्यांचे फॉस्फेट बफर आजही त्यांच्याच नावाने बनवले जाते.

१९०९ साली हे सर्व काम त्यांनी प्रसिद्ध केले. जर्मन भाषेतला लेख दीडशेहून अधिक पानांचा आहे. डॅनिश आणि फ्रेंच भाषांतही तो निघाला. इन्व्हर्टेज, कॅटलेज आणि पेप्सिन या विकरांचा अभ्यास त्यात आहे आणि प्रत्येकाचे काम एका विशिष्ट आम्लतेला सर्वांत चांगले चालते हे दाखवले आहे. त्या लेखात जाता जाता एक सोयीची खूण सुचवली आहे. पुढे जगाने लेख विसरून खूणच तेवढी उचलली.

ही खूण काय आहे हे पुस्तकी व्याख्येवरून मला कधी कळले नव्हते. ऋण घातांक, लॉगॅरिदम हे शब्द आले की वर्गातले निम्मे डोळे खिडकीबाहेर जात. पण ती गोष्ट आपण पहिली-दुसरीत घोकलेली आहे: एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी. एक ग्रॅम हायड्रोजन आयन किती लिटर द्रावणात सापडतील, एवढाच प्रश्न विचारायचा. दहा लिटरमध्ये सापडले तर पीएच १. शंभर लिटर लागले तर २, हजार लागले तर ३, लाख लिटर लागले तर ५. शुद्ध पाण्याचे एक कोटी लिटर घ्यावे लागतात. कोटीवर शून्ये सात, म्हणून पाण्याचा पीएच ७. आकडा म्हणजे शून्यांची संख्या. आंबटपणा जितका कमी तितके जास्त लिटर उपसावे लागतात, म्हणून आकडा मोठा होत जातो. उलटेपणाचे कोडे एवढ्याने सुटते. विजेच्या उपकरणातही आयन दहापट झाले की दाब दर वेळी तेवढाच बदलतो, सोरेन्सन यांच्या १८ अंश सेल्सियस तापमानाला सुमारे ५८ मिलिव्होल्ट. उपकरणच शून्ये मोजत होते. सोरेन्सन यांनी ते ओळखले आणि लाखाव्या-कोटीव्या अपूर्णांकांचे ओझे सर्वांच्या डोक्यावरून उतरवले.

'एच' म्हणजे हायड्रोजन हे उघड आहे. 'पी' म्हणजे काय यावर मात्र पुष्कळ वाद झाले. जर्मन, फ्रेंच आणि डॅनिश तिन्ही भाषांत घात या अर्थाचा शब्द 'प'नेच सुरू होतो, म्हणून जो तो आपल्या भाषेचा दावा सांगे. २००० साली एका डॅनिश अभ्यासकाने मूळ लेख पुन्हा वाचून दाखवले, की सोरेन्सन यांनी दोन द्रावणांना गणितात करतात तशी 'पी' आणि 'क्यू' ही अक्षरे दिली होती आणि त्यातले पहिले चिकटून राहिले, असे दिसते. मला हे पटते. हिशेब करणारा माणूस कागदावर अक्षर मांडताना त्याचा वंश शोधत बसत नाही.

आता ते दुसरे कारण. आमच्या घरी मातीपरीक्षणाचा अहवाल आला. शेतीच्या मराठीत पीएचला सामू म्हणतात. सामूच्या सदरापुढे ८.८ लिहिले होते. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी एकटा, त्यामुळे कागद माझ्यापुढे आला. कालव्याचे पाणी आल्यापासून आमच्या भागात उसाला भरमसाट पाणी दिले गेले, निचरा नाही, आणि खालच्या अंगाची राने चोपण होत गेली. माती चिकट होते, पाणी मुरत नाही, वाळली की दगडासारखी ढेकळे. वडिलांचा समज होता की खत कमी पडते, म्हणून ते दरवर्षी युरिया वाढवीत होते. खालचे दीड एकर विकून टाकावे इथपर्यंत गोष्ट आली होती. ७ आणि ८.८ यांत दोनाचाही फरक नाही, असे कोणालाही वाटेल. परंतु शून्यांच्या हिशेबाने तो साठपटींहून अधिक आहे. अशा मातीत फॉस्फरस, लोह, जस्त असूनही पिकाला मिळत नाही. मी वडिलांना एकं-दहं म्हणून दाखवले. ते चौथी शिकलेले, पण पाढे आणि एकं-दहं त्यांना माझ्यापेक्षा चांगले येते. त्यांनी कागद परत घेतला आणि बराच वेळ पाहिला. रान अजून विकलेले नाही. कडेने चर खणली आहे, जिप्सम टाकले आहे. एक-दोन पावसाळ्यांत काय होते ते दिसेल.

साखर कारखान्यांतही हाच आकडा राज्य करतो. उसाचा रस मुळात आंबट, त्याचा पीएच सव्वापाचाच्या आसपास असतो. तसाच तापवला तर साखर फुटून तिच्या दोन वेगळ्या शर्करा होतात आणि दाणा हाती लागत नाही. म्हणून चुन्याची निवळी देऊन रस ७च्या जवळ आणतात. साखर फोडण्याचे हेच काम इन्व्हर्टेज करते, आणि सोरेन्सन कोपनहेगनमध्ये त्याच्याच मागे लागले होते.

१९०९ नंतर सोरेन्सन थांबले नाहीत. अंड्यातल्या पांढऱ्या बलकातील अल्ब्युमिन हे प्रथिन त्यांनी स्फटिकरूपात शुद्ध केले आणि १९१७ साली त्याच्या द्रावणाच्या परासरण दाबावरून त्याचा रेणुभार ३४,००० च्या सुमारास काढला. आज तो ४५,००० च्या आसपास धरतात. पण प्रथिनांना ठरावीक रेणू असतो की तो नुसता चिकट गोळा असतो, यावरच जेव्हा वाद चालू होता, तेव्हा इतका जवळ आकडा काढणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या पत्नी मार्ग्रेथे हॉयरुप सोरेन्सन या स्वतः संशोधक होत्या. प्रथिनांवरच्या पुष्कळ कामांत त्यांचा हात होता. पीएचचा इतिहास लिहिणारे हे नाव बहुधा गाळतात, ते मला बरे वाटत नाही.

१९२४ साली झालेली एक गोष्ट मला या चरित्रात सर्वांत मोलाची वाटते. दाट द्रावणात आयन एकमेकांना अडवतात, त्यामुळे विद्युत उपकरण दाखवते तो आकडा त्यांच्या संख्येचा नसून क्रियाशीलतेचा असतो, हे तोवर कळून चुकले होते. म्हणजे १९०९ची व्याख्या काटेकोर नव्हती. एव्हाना ती जगभर पसरली होती आणि सोरेन्सन यांचे नाव तिच्यामुळे झाले होते. दुसऱ्या कोणी ती खोडून काढण्याआधी त्यांनीच आपले तरुण सहकारी लिंडरस्ट्रोम-लांग यांच्याबरोबर निबंध लिहून नवी, सुधारलेली व्याख्या मांडली. साठीकडे झुकलेल्या नामवंताने आपल्याच गाजलेल्या कामावर तांबडी शाई चालवावी, हे आपल्या पाहण्यात फारसे येत नाही.

पीएचचा प्रसार इतरांनी केला. जर्मनीत मिखाएलिस यांनी १९१४ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. अमेरिकेत क्लार्क यांचा ग्रंथ १९२० साली आला. सोरेन्सन 'एच' हे अक्षर 'पी'च्या पायाशी लहान लिहीत. छापखान्याच्या सोयीसाठी क्लार्क यांनी दोन्ही अक्षरे एका ओळीत आणली, तीच आजची रीत. १९३४ साली कॅलिफोर्नियात आर्नोल्ड बेकमन यांच्याकडे लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्याची अडचण घेऊन एक मित्र आला. रसात टिकण्यासाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साइडमुळे लिटमसचा रंगच उडून जाई. बेकमन यांनी काचेचा इलेक्ट्रोड आणि व्हॅक्यूम ट्यूब जोडून एका पेटीत बसेल असे यंत्र केले. प्रयोगशाळांतल्या पीएच मीटरचे ते मूळ. मीटर वापरण्याआधी ४, ७ आणि ९.२ च्या बफरमध्ये इलेक्ट्रोड बुडवून काटा जुळवून घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांना हा प्रकार कंटाळवाणा वाटतो, पण ती सोरेन्सन यांची १९०९ची रीत आहे.

सोरेन्सन यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. सदतीस वर्षे त्यांनी कार्ल्सबर्गच्या त्याच प्रयोगशाळेत काढली, १९३८ साली निवृत्त झाले आणि १२ फेब्रुवारी १९३९ रोजी वयाच्या ७१व्या वर्षी वारले. त्यांची जागा लिंडरस्ट्रोम-लांग यांनी घेतली. १९१९ साली ते सोरेन्सन यांच्याकडे साहाय्यक म्हणून आले होते आणि पुढची वीस वर्षे प्रथिनांचेच काम चालवीत राहिले.